नाशिक ते पाँपेई: दोन मुलं, व्हिसाची फाइल आणि पोकळ दगडांची सहल

मुलांना घेऊन इटलीला जायचं हे २०२४च्या जूनमध्ये ठरलं, निघालो नोव्हेंबरमध्ये. मधले पाच महिने कुठे गेले ते आधी सांगते, कारण ‘रोममध्ये काय पाहाल’ यावर ढीगभर लेख सापडतात. नाशिकहून, दोन मुलांसह, टूर कंपनीशिवाय, शाकाहारी बाईने हे कसं जमवायचं ते मात्र मला कुठे एका जागी मिळालं नव्हतं. लेक तेव्हा अकरा वर्षांची होती आणि धाकटा सात. ही वयं लक्षात ठेवा, पुढे जागोजागी कामाला येतील.

पहिलं काम मुलांच्या पासपोर्टचं. जूनमध्येच अर्ज केला. आई-वडील दोघांच्या सहीचं ‘अ‍ॅनेक्शर डी’ हे संमतीपत्र लागतं आणि आमचे दोघांचे पासपोर्ट आधीचे असल्याने मुलांसाठी पोलीस पडताळणी झाली नाही. फी हजार रुपये. आठ वर्षांखालच्यांना दहा टक्के सवलत, त्यामुळे धाकट्याचे नऊशे. दोन्ही जन्मदाखले तेव्हाच बाहेर काढून नावांचं स्पेलिंग आमच्या पासपोर्टशी ताडून पाहिलं. हे अगदी सुरुवातीलाच करा. व्हिसाच्या खिडकीवर एक ‘ए’ कमी निघणं म्हणजे पुन्हा महापालिकेच्या फेऱ्या.

मग शेंगेन व्हिसा, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो, पण खरी गोची तारीख मिळण्याची. जुलैत पोर्टल उघडलं तर मुंबईच्या व्हिसा केंद्रात चौघांसाठी एकत्र एकही वेळ नाही. दोघांची मिळे, चौघांची नाही. पंधरवडाभर रोज सकाळी चहा गॅसवर ठेवायचा आणि लॅपटॉप उघडायचा, असं चाललं होतं. नवरा म्हणाला, केरळला जाऊ. मीही जवळजवळ हो म्हटलं होतं. मग कुणीतरी रद्द केलेल्या वेळा अचानक दिसल्या आणि २९ ऑगस्ट, गुरुवार, दुपारची वेळ मिळाली.

फाइलमध्ये काय होतं ते लिहिते: प्रत्येकाचा भरलेला अर्ज (मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या), ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, विमानाचं आणि राहण्याचं बुकिंग, दिवसवार कार्यक्रम, बँकेची सहा महिन्यांची शिक्का मारलेली विवरणपत्रं, तीन वर्षांचे आयकर परतावे, नवऱ्याच्या ऑफिसचं रजेचं पत्र, माझ्या क्लासच्या व्यवसायाचा नोंदणी दाखला, मुलांच्या शाळेचं बोनाफाइड, जन्मदाखले, आणि किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा. शाळेकडून बोनाफाइड मिळायला आठवडा गेला, कारण मुख्याध्यापक सहलीला. दिवसवार कार्यक्रम मी एका पानात बसवला. कोणत्या रात्री कोणत्या गावात, इतकंच. तिथे निबंध नको असतो.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. केंद्रात मोबाइल बंद, पिशव्या बाहेर, आणि बसायला थंडगार हॉल. मुलांसाठी स्वेटर न्या, खरंच. बारा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे लेक थोडी नाराज झाली. २०२४च्या जूनपासून फी मोठ्यांना ९० युरो आहे, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, सहाखालच्यांना नाही. आमची चौघांची मिळून २७० युरो, म्हणजे साधारण पंचवीस हजार रुपये, वर केंद्राचं सेवाशुल्क आणि कुरिअर. काउंटरवर आम्हाला जास्तीच्या सेवा विकण्याचा बराच प्रयत्न झाला. एसएमएस घेतला, बाकी ‘नको’ म्हटलं. त्याने अर्जावर काही परिणाम होत नाही.

यानंतरचे दिवस सगळ्यात वाईट. विमानाची तिकिटं काढलेली, पासपोर्ट हातात नाहीत, आणि घरात गणपती. आरती करतानाही माझं निम्मं लक्ष फोनकडे. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, १८ सप्टेंबरला, कुरिअरवाला आला. चारही पासपोर्टवर व्हिसा. सासूबाईंनी त्याला उरलेले मोदक दिले.

आता तिकिटांबद्दल, कारण इथे पैसे वाचतात. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत आणि अवशेषांच्या ठिकाणी अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट आहे, ती कुठल्याही देशाची असोत. पण कोलोसियमला मुलांचंही शून्य युरोचं तिकीट वेळेसकट काढावंच लागतं. अधिकृत संकेतस्थळावर तारखा तीस दिवस आधी उघडतात. मोठ्यांना १८ युरो, त्यात शेजारचं फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी आली, चोवीस तास चालतं. तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि दारावर पासपोर्टशी जुळवतात. आम्हाला ७ नोव्हेंबर हवी होती म्हणून ८ ऑक्टोबरला बसलो. इटलीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. बुकिंगच्या वेळी हे नीट बघा. तळघरासह असलेली तिकिटं माझ्या डोळ्यांदेखत संपली. साधी मिळाली, आणि मुलांना साधीच पुरली.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला करून ४ तारखेच्या रात्री मुंबईहून दोहामार्गे निघालो. बॅगेत चकल्या, शंकरपाळे, भाजक्या पोह्यांचा चिवडा. पेढे आणि तुपाची बरणी घरीच राहिली, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. चिवड्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

राहायला रोमच्या टेस्टाच्चो भागात स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती. हा निर्णय मला सगळ्यात पटलेला. विमानतळावरून शहराच्या मुख्य स्थानकापर्यंत थेट जाणाऱ्या गाडीचं तिकीट १४ युरो असतं. टेस्टाच्चोला राहिलात तर ८ युरोची साधी लोकल ओस्तिएन्से स्थानकात उतरवते आणि तिथून घर चालत येतं. जवळच पिरामिडे मेट्रो, तिच्या शेजारी खराखुरा पिरॅमिड. गायुस सेस्टियस नावाच्या रोमन माणसाने बांधून घेतलेली ही समाधी दोन हजार वर्षांहून जुनी आहे. पहिल्याच संध्याकाळी धाकट्याने जाहीर केलं की आपण इजिप्तला पण आलोय. गल्लीच्या टोकाला मोन्ते तेस्टाच्चो: पस्तीसेक मीटर उंचीची टेकडी, जी निव्वळ फुटलेल्या तेलाच्या मडक्यांची आहे. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्ह तेल यायचं, मडकी पुन्हा वापरता यायची नाहीत, ती इथे आणून फोडायची आणि रचायची. कचऱ्याची टेकडी बघायला मुलं जितक्या आनंदाने गेली तितकी कुठल्याही चर्चमध्ये गेली नाहीत.

शहर कर वेगळा द्यावा लागतो, माणशी, रात्रीच्या हिशेबाने. दहा वर्षांखालच्यांना माफ. म्हणजे धाकटा फुकट, लेक नाही. बसचंही तसंच. १०० मिनिटांचं तिकीट दीड युरोला, आणि दहाखालचं मूल मोठ्यांसोबत विनातिकीट. लेकीला आपण अचानक ‘मोठ्यांत’ गेल्याचं इतकं अप्रूप की तिकीट मशीनला लावायचं काम तिने कुणाला करू दिलं नाही.

६ तारीख पाऊस आणि पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिराची. मोठ्यांना ५ युरो, मुलं फुकट. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून उंची दोन्ही सारखेच, ४३ मीटरच्या वर, आणि माथ्यावर जवळजवळ नऊ मीटरचं उघडं भोक. पावसाचं पाणी सरळ आत पडतं आणि फरशीतल्या बारीक भोकांतून वाहून जातं. मुलांना ती भोकं शोधायला सांगितलं. पाऊण तास मी शांतपणे वर बघत बसले. सहलीत नंतर हेच तंत्र चाललं: प्रत्येक जागी शोधायला एकच गोष्ट द्यायची, इतिहास त्या गोष्टीच्या पाठीमागून आपोआप येतो.

त्या दिवशी ट्रेव्ही कारंजंही पाहिलं, पण ते कोरडं ठणठणीत. कॅथलिक चर्चच्या २०२५च्या पवित्र वर्षासाठी निम्म्या रोममध्ये डागडुजी चालली होती. कारंज्यापुढे नाणी टाकायला एक तात्पुरतं छोटं टाकं ठेवलं होतं, आणि लोक खरंच त्यात नाणी टाकत होते. आम्हीही टाकली. जायच्या आधी एकदा बातम्या चाळाव्यात, म्हणजे मुलांना फोटोतलं कारंजं दाखवून तिथे परांची बघायची वेळ येत नाही. आम्हाला माहीत होतं, तरी धाकट्याचं तोंड पडलंच.

७ तारीख कोलोसियम. हिवाळ्यात साडेचारलाच बंद होतं, म्हणून साडेनऊची वेळ घेतली होती. बाहेरच्या कमानींवर प्रवेशद्वारांचे आकडे कोरलेत. मूळच्या ऐंशीपैकी शहात्तर दारांना क्रमांक होते, आज साधारण २३ ते ५४ वाचता येतात. लेकीची शाळेत रोमन अंकांची परीक्षा नुकतीच झाली होती. ४४ क्रमांकाची कमान शोध, म्हटलं. सापडली, आणि ती संतापली. शाळेत चार लिहिताना पाचाच्या आधी एक लिहायला शिकवतात. इथे चाळीसनंतर सरळ चार उभ्या रेघा! “म्हणजे त्यांचेच मार्क कापायला हवेत.” मग या इमारतीत पन्नास हजार माणसं आपापल्या आकड्याच्या दारातून कशी आत-बाहेर होत असतील, हे तिलाच सुचलं. सम्राट वेस्पासियनने काम सुरू केलं, मुलगा टायटसने इ.स. ८०मध्ये उद्घाटन केलं आणि शंभर दिवस खेळ चालवले. खेळ म्हणजे काय, हे धाकट्याला मी सौम्य करून सांगितलं. जनावरांना वर आणणाऱ्या पाळण्यांत त्याला जास्त रस होता.

बाहेर शिरस्त्राण घातलेले ‘सैनिक’ फोटोसाठी गळ घालतात. फोटो काढला की पैसे मागतात. मुलांचा हात धरा आणि चालत राहा.

८ तारखेला देशभर शहरी वाहतुकीचा संप. तिथे संप आधी जाहीर होतात, वाहतूक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तारखा असतात; त्यामुळे त्या दिवशी फक्त फोरम ठेवलं होतं. चालत गेलो, सर्कस मॅक्सिमसच्या मैदानावरून, जिथे मुलांनी रथाची शर्यत म्हणून एक फेरी धावून घेतली. चोवीस तास उलटायच्या आत आत शिरायचं होतं, ते जमलं.

फोरम मुलांना कंटाळवाणं होतं असं सगळे सांगतात, आणि अर्धवट खांबांची नावं सांगत बसलात तर होणारच. आम्ही सम्राट सेप्टिमियस सिव्हेरसच्या कमानीपाशी थांबलो. वर लेख आहे. त्यातली एक ओळ बदललेली आहे, जुन्या धातूच्या अक्षरांच्या खिळ्यांची भोकं अजून दिसतात. सिव्हेरसचे दोन मुलगे, कॅराकॅला आणि गेटा. बाप गेल्यावर थोरल्याने धाकट्याला मारवलं, आणि साम्राज्यभर त्याचं नाव खोडायला लावलं. भाऊबीज होऊन पाचच दिवस झाले होते. धाकटा बहिणीपासून जरा लांब उभा राहिला. दिवसभर मग प्रत्येक भांडणात “माझं नाव खोडणार का?” हे चाललं.

त्याच परिसरात मॅक्सेन्टियसच्या बॅसिलिकाच्या (भव्य सार्वजनिक सभागृहाच्या) जागी आधी मिरीची कोठारं होती, सम्राट डोमिशियनने बांधलेली. मिरी यायची ती आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून. संध्याकाळी कॅचो ए पेपे खाताना हे सांगितलं: पास्ता, पेकोरिनो चीज, भरपूर भरडलेली मिरी, बस. “म्हणजे यातलं तिखट आपलं,” लेक म्हणाली. टोमॅटो मात्र तेव्हा त्यांच्याकडेही नव्हता आणि आपल्याकडेही नव्हता. तो अमेरिकेतून खूप उशिरा आला. यावर धाकट्याचा विश्वास बसला नाही.

खाण्याबद्दल आता सलग सांगते. मी शाकाहारी, बाकी तिघं कोंबडी-मासे खातात, गोमांस-डुक्कर नाही. कार्बोनारा आणि अमात्रिचाना या रोमच्या प्रसिद्ध पास्त्यांत डुकराच्या गालाचं मांस असतं. सुप्ली म्हणजे भाताचे तळलेले गोळे, दिसतात निरागस, पण पारंपरिक प्रकारात मांसाचा रस्सा असतो. ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे ‘बिनमांसाचं’, म्हणून विचारा. आणि जे कडक शाकाहारी आहेत त्यांच्यासाठी: पेकोरिनो आणि पार्मेझान दोन्ही प्राण्यांच्या पोटातून काढलेलं रेनेट घालून विरजतात. मी स्वतः तिथवर गेले नाही, पण माझ्या मावसबहिणीला हे कळलं असतं तर ती फक्त फळं खाऊन राहिली असती. तिच्यासाठी मारिनारा पिझ्झा आहे: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, चीज नाहीच.

रोममध्ये आमचं पोट भरलं ते कापून विकल्या जाणाऱ्या पिझ्झ्यावर. केवढा हवा ते हाताने दाखवायचं, कात्रीने कापतात, वजनावर पैसे. बटाटा-रोझमेरीचा तुकडा मुलांनी रोज खाल्ला. जुन्या ज्यू वस्तीत अख्खं आर्टिचोक तळून देतात, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. मोसम हिवाळा ते वसंत, नोव्हेंबरात सगळीकडे नव्हतं, शोधावं लागलं. बहुतेक खाणावळी संध्याकाळी साडेसातच्या आधी स्वयंपाक सुरू करत नाहीत, आणि मुलांना भारतीय घड्याळाने भूक लागते. तो मधला वेळ चकल्यांनी सांभाळला. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, बसलात की दर वाढतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्तोरस्ती ‘नासोनी’ नावाचे लोखंडी नळ चोवीस तास वाहतात. तोटी बोटाने दाबली की वरच्या भोकातून कारंजं उडतं. हे शिकल्यावर धाकटा रोज भिजला.

९ तारखेला ओस्तिया अँतिका, प्राचीन रोमच्या बंदराचे अवशेष. पिरामिडेशेजारच्या स्थानकातून तेच दीड युरोचं तिकीट. माझं मत विचाराल तर मुलांसोबत फोरमपेक्षा हे दहापट चांगलं: गर्दी नाही, पाइनच्या सावल्या, आणि आत शिरून हिंडायला अख्खं बंदराचं गाव. सोमवारी बंद असतं. व्यापाऱ्यांच्या चौकात प्रत्येक पेढीपुढे काळ्या-पांढऱ्या दगडी चित्रांची पाटी: जहाजं, मासे, दीपस्तंभ, आणि एक हत्ती. बेकरीत गाढवांनी फिरवायची दगडी जाती. आणि सार्वजनिक शौचालय, ज्यात आडपडदा न ठेवता ओळीने बसायची भोकं. त्यावर हसून झाल्यावर लेकीने विचारलं, मग बोलायचे काय? डबा तिथेच, गवतावर, खाल्ला.

११ तारखेला नेपल्स. वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आत. शहर गजबजलेलं, कर्कश, स्कूटरवर तिघं तिघं. रोममध्ये अवघडून वागणारी मुलं इथे एकदम मोकळी झाली.

पाँपेईला, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन गावाला, १२ तारखेला गेलो, कारण मंगळवारी नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं. हा क्रम उलटा लागला तर फुकट एक दिवस जातो. लोकल गाडी गर्दीची; पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. हिवाळ्यात शेवटचा प्रवेश साडेतीनला. पाँपेईत शोधायच्या गोष्टी संपत नाहीत: रस्ता ओलांडायचे उंच दगड, त्यांच्या मधून गेलेल्या गाडीच्या चाकोऱ्या, आणि एका घराच्या उंबऱ्यात ‘कुत्र्यापासून सावध’ सांगणारा साखळीतला काळा कुत्रा. रस्त्याच्या कडेला दगडी ओट्यात गोल तोंडाची मडकी बसवलेली दुकानं, ऐंशीहून जास्त. म्हणजे ऑफिसला जाताना वडापावच्या गाडीवर थांबावं तसं लोक इथे थांबायचे, कारण लहान घरांतून चुली नव्हत्या.

राखेत गाडल्या गेलेल्या माणसांचे साचे धाकट्याला दाखवायचे नाहीत, हे आम्ही घरीच ठरवलं होतं. १८६३मध्ये पुरातत्त्वज्ञ फियोरेल्लीने राखेतल्या पोकळीत प्लास्टर ओतून ते घडवायला सुरुवात केली. ‘पळणाऱ्यांची बाग’ म्हणतात त्या जागी तेरा जण आहेत, त्यात लहान मुलंही. नवरा धाकट्याला घेऊन सरडे शोधायला गेला, मी आणि लेक काचेपाशी उभ्या राहिलो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ऑगस्टमध्ये झालं ना हे?” परंपरेने २४ ऑगस्ट, इ.स. ७९. पण २०१८मध्ये भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरच्या मध्यावरची तारीख सापडली, त्यामुळे आता बरेच जण शरद ऋतू धरतात. तिला ते समजावताना मला बरं वाटलं. तारखेबद्दल बोलणं सोपं होतं.

१३ तारखेला संग्रहालय. तिथे मला एकच गोष्ट बघायची होती: १९३८मध्ये पाँपेईत सापडलेली हस्तिदंती मूर्ती, साधारण पाव मीटर उंच, ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाते, आता अभ्यासक तिला यक्षी मानतात. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात, तेर आणि भोकरदनला सापडल्या आहेत. उलट दिशेने आलेला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा छोटा कांस्यपुतळा ब्रह्मपुरीच्या उत्खननातला, कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. अडचण इतकीच की लक्ष्मी ठेवलीय ‘गुप्त दालनात’, जिथे पाँपेईतली सगळी शृंगारिक चित्रं आणि शिल्पं आहेत. लहान मुलांना मोठ्यांसोबतच सोडतात. नवऱ्याने आधी एकट्याने जाऊन कपाट कुठे आहे ते पाहून घेतलं, मग आम्ही रांगेने, नजर समोर, सरळ तिच्यापाशी. धाकट्याला तिचे पैंजण आणि बाजूच्या दोन दासी आवडल्या. परत येताना नजर समोर कुणाचीच राहिली नाही. लेकीला चार प्रश्न पडले, दोनांची उत्तरं तिथेच दिली, दोनांची पिझ्झ्यावर.

नेपल्सचा पिझ्झा मध्यभागी मऊ, जवळजवळ ओला असतो. मक्याचे दाणे आणि कुरकुरीत कडा ज्यांचं आयुष्य आहे त्यांना तो कच्चा वाटतो. धाकट्याने पहिला परत केला. दुसऱ्या रात्री चौकोनी घडी घालून हातात दिला तेव्हा संपवला. मार्गेरिटा पाच ते सात युरोत मिळतो.

हिशेब असा: विमान चौघांचं दोन लाख तीस हजार, व्हिसा-विमा मिळून सदतीस हजार, राहणं एक लाख दहा हजार, खाणं साठच्या आत, प्रवास आणि तिकिटं चाळीसेक. युरो तेव्हा नव्वद-एक्याण्णवला होता. यातलं विमान चार महिने आधी घेतलं म्हणून जरा स्वस्त पडलं, पण व्हिसा हातात नसताना, त्यामुळे थोडे जास्त देऊन रद्द करता येणारं तिकीट घेतलं होतं. राहण्याच्या दोन्ही जागाही रद्द करता येणाऱ्या. १४ तारखेला नेपल्सहून सकाळच्या गाडीने रोम, तिथून विमानतळ, आणि १५ला दुपारी नाशिक. दुसऱ्या दिवशी सहामाहीचे पेपर सह्या करून शाळेत द्यायचे होते.